पुण्यात राहायला येण्याआधी: सहकुटुंब आठवडाभर राहून शहर कसं पारखावं

पुण्यात बदली झाली किंवा नोकरी लागली की बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. घरातलं एक माणूस दोन दिवसांसाठी येतं, एजंटच्या स्कूटरवर मागे बसून सात-आठ फ्लॅट बघतं, त्यातला हवेशीर वाटला तो पक्का करतं आणि जूनमध्ये सामानाचा ट्रक निघतो. राहायला आल्यावर कळतं की पाणी टँकरचं आहे, शाळेची बस त्या गल्लीपर्यंत येत नाही आणि आजीला फेरी मारायला आसपास फुटपाथच नाही. तोवर डिपॉझिट भरलेलं असतं, मुलांचे दाखले आलेले असतात.

म्हणून माझा आग्रह असा की घर ठरवण्याआधी सगळ्यांनी मिळून आठवडाभराची सुट्टी काढावी आणि पुण्यात राहून बघावं. हॉटेलात उतरून शनिवारवाडा बघून परतण्याची ही सहल नाही. शनिवारवाडा बघायचा आहेच, पण सोमवारी सकाळी साडेआठचा रस्ता, शाळा सुटतानाचं फाटक, संध्याकाळची भाजी आणि नळाचं पाणी हेही बघायचं आहे. नातेवाईक नागपूर, लातूर, सांगलीहून इथे येतात तेव्हा त्यांच्याबरोबर मी अशीच फिरते. त्यातून जमलेला क्रम इथे मांडते आहे.

कधी यावं

दिवाळीत आणि मे महिन्यात येऊ नका. दिवाळीत निम्मं शहर गावी गेलेलं असतं, रस्ते मोकळे असतात आणि पुण्याच्या वाहतुकीबद्दल तुमचा पूर्ण गैरसमज होतो. मेमध्ये शाळा बंद, त्यामुळे ना वर्ग बघता येत, ना पालक भेटत. गणेशोत्सवात आणि आषाढीच्या पालख्यांचा पुण्यात मुक्काम असतो तेव्हा पेठांतले रस्ते वाहनांना बंद असतात. तो सोहळा जरूर अनुभवा, पण घर शोधण्याचे ते दिवस नव्हेत.

सगळ्यात चांगला काळ डिसेंबर-जानेवारी. शाळा चालू असतात आणि बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश त्याच सुमारास सुरू झालेले असतात. त्यानंतर माझी पसंती जुलै-ऑगस्टला. पावसात कुठे पाणी तुंबतं, कुठली भिंत ओल धरते, कुठला रस्ता खड्ड्यांनी अडतो, हे कोणी सांगावं लागत नाही. पश्चिमेला बावधन, पाषाण, सूस या बाजूला पाऊस बराच जास्त पडतो आणि पूर्वेला हडपसर-खराडीकडे कमी, हा फरकही तेव्हाच जाणवतो.

शनिवारी सकाळी पोहोचा आणि पुढच्या शुक्रवारी रात्री निघा. मधला गुरुवार हातचा सोडू नका. त्याचं कारण पाण्याच्या भागात येईल.

निघण्याआधी नकाशावर दोन ठिपके

'पुण्यात नोकरी' एवढी माहिती घर शोधायला पुरत नाही. हिंजवडीचं आयटी पार्क वायव्येला, खराडी, मगरपट्टा, हडपसर पूर्वेला, चाकणची एमआयडीसी उत्तरेला आणि रांजणगाव तर नगर रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर. हिंजवडी ते खराडी अंतरच पंचवीस-तीस किलोमीटरचं आहे आणि ते कापताना अख्खं शहर आडवं येतं. त्यामुळे नकाशावर आधी कामाचं ठिकाण, मग शाळेची शक्यता आणि सर्वांत शेवटी घर, हा क्रम सोडू नका.

काम हिंजवडीला असेल तर वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, पिंपळे सौदागर, बाणेर, बालेवाडी, म्हाळुंगे हे भाग बघण्यासारखे. खराडीला असेल तर विमाननगर, वडगाव शेरी, चंदननगर, मुंढवा, केशवनगर, मगरपट्टा. वाघोलीत भाडं कमी वाटतं, पण नगर रस्त्याची गर्दी रोज सोसायची तयारी हवी. चाकणवाल्यांनी मोशी, भोसरी, निगडी-प्राधिकरण बघावं. नवरा-बायकोची ऑफिसं दोन टोकांना असतील तर मधला भाग शोधण्याच्या नादात दोघांचेही हाल होतात. एकाचं ऑफिस जवळ आणि दुसऱ्याला मेट्रो, अशी वाटणी मला जास्त टिकाऊ वाटते.

मेट्रोचे दोन मार्ग सध्या उपयोगाचे आहेत: वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकांना मिळतात. कोथरूडला राहून खराडीला जाणारे रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा किंवा बस असं जातात. हिंजवडी ते शिवाजीनगर हा तिसरा मार्ग वेगळा आहे. एजंट त्याच्या नावावर जास्त भाडं सांगेल. तुमच्या घराजवळच्या स्थानकावरून आज गाडी सुटते का, एवढंच बघून निर्णय घ्या.

एवढं झालं की फक्त दोन भाग निवडा. पाच भाग बघायला निघालात की आठवड्याच्या शेवटी एकही नीट आठवत नाही.

बरोबर मुलांच्या निकालपत्रकांच्या, जन्मदाखल्यांच्या आणि आधारकार्डांच्या प्रती घ्या, घरातल्या मोठ्यांची औषधांची फाइल घ्या. आणि घरातल्या प्रत्येकाला एक कागद द्या, मुलांनाही. 'मला रोज काय लागतं' हे ज्याचं त्याने लिहायचं. सातवीतली मुलगी 'बॅडमिंटन कोर्ट' लिहील, आजोबा 'सकाळी फिरायला आणि पेपर वाचायला जागा' लिहितील. हाच तुमचा कार्यक्रम.

मुक्काम कुठे करावा

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरून वाकडचं आयुष्य कळत नाही. ज्या भागात राहायचा विचार आहे तिथेच स्वयंपाकघर असलेली जागा आठवड्यासाठी घ्या. होमस्टे किंवा सर्व्हिस अपार्टमेंट बहुतेक उपनगरांत मिळतात. दोन भागांपैकी कल कुठे आहे हे स्पष्ट असेल तर सगळा आठवडा तिथेच काढा. अगदीच ठरत नसेल तर तीन-तीन रात्री वाटून घ्या.

सकाळचा चहा, पोळी-भाजी घरी करा. त्यामुळे दूध किती वाजता येतं, किराणा किती लांब आहे, भाजीवाला दारात येतो की गाडी काढावी लागते, डाळ शिजायला किती वेळ लागतो, हे आपोआप कळतं. खालच्या दुकानदाराशी, वॉचमनशी, कचरा उचलायला येणाऱ्या ताईंशी बोला. परिसराची खरी माहिती त्यांच्याकडे असते. कचऱ्यावरून आठवलं, ओला-सुका वेगळा करायची सवय नसेल तर याच आठवड्यात लावून घ्या.

शनिवार आणि रविवार: शहराची तोंडओळख

पहिल्या दिवशी घरं बघू नका. नागपूर-नांदेडकडून रात्रभर प्रवास करून आलेली मुलं चिडलेली असतात. एसटीने येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गाड्या स्वारगेटला येतात आणि नाशिक, संभाजीनगरकडच्या शिवाजीनगरच्या, म्हणजे आता वाकडेवाडीला हलवलेल्या स्थानकावर.

दुपारी जेवून आराम झाला की मेट्रोत बसा. वनाजहून निघून जिल्हा न्यायालयाला गाडी बदला आणि मंडईला उतरा. मुलांना जमिनीवरून उंच धावणारी आणि मग खोल भुयारात शिरणारी गाडी आवडते, मोठ्यांना शहराची लांबी-रुंदी कळते. महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, कसबा गणपती आणि चालत शनिवारवाडा अशी संध्याकाळ पुरे. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आजच दाखवून ठेवा. जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी तिथेच यायचं आहे.

रविवारी पहाटे टेकडीवर जा. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेरची टेकडी, जी जवळ असेल ती. पुण्यात राहण्याचं खरं सुख मला तिथे दिसतं: सहा वाजता शेकडो माणसं चढताना भेटतात, आठवड्याभरात ओळखी होतात आणि नवीन आलेल्या माणसाचं एकटेपण तिथे पहिल्यांदा कमी होतं. आजी-आजोबांना चढ झेपत नसेल तर त्यांना जवळच्या बागेत बसवा. सकाळी तिथे त्यांच्या वयाची मंडळी हमखास असतात.

उरलेला रविवार निवडलेल्या दोन भागांतून नुसतं चालण्यासाठी ठेवा. कार काढू नका. घर मात्र रविवारी ठरवू नका, कारण रविवारी सगळे रस्ते चांगलेच वाटतात.

सोमवार: ऑफिसचा रस्ता

ज्याला नोकरीला जायचं आहे त्याने खरोखर ऑफिसच्या वेळेला, ज्या वाहनाने रोज जाणार त्याच वाहनाने, ऑफिसच्या फाटकापर्यंत जायचं. घराच्या दारापासून घड्याळ लावा. संध्याकाळी साडेसहाला तिथून निघून परत या. जाण्यापेक्षा येण्याचा वेळ बहुधा जास्त निघतो आणि नेमकं तेच लोक मोजत नाहीत.

हिंजवडीत शिरायला वाकडकडून, बाणेर-म्हाळुंगेकडून आणि बायपासवरून (शहराबाहेरून जाणारा मुंबई-बंगळुरू महामार्ग) असे मोजके रस्ते आहेत. त्यामुळे चार किलोमीटरला अर्धा तास लागला तर दचकू नका, पण तो वेळ कागदावर लिहा. कोथरूड-वारज्याकडून येणाऱ्यांनी चांदणी चौक ते वाकड हा बायपासचा पट्टा गर्दीच्या वेळीच तपासावा. २०२३ मध्ये चांदणी चौकात नवा पूल झाल्यावर तिथली कोंडी बरीच सुटली, पुढची तशीच आहे. मंगळवारी पुन्हा एकदा जा, या वेळी दुसऱ्या वाहनाने. बस किंवा मेट्रोने किती वेळ लागतो हे एकदा कळलं की दुसरी गाडी घ्यायची का, याचंही उत्तर मिळतं.

माझं मत असं की दारापासून दारापर्यंत एका बाजूला तासाभरापेक्षा जास्त लागत असेल तर ते घर कितीही देखणं असलं तरी सोडावं. मुलाशी गृहपाठाबद्दल बोलायला संध्याकाळच उरत नाही.

त्या वेळात मुलांना घेऊन घरातल्या दुसऱ्या मोठ्याने त्याच दिशेचं काहीतरी बघावं. नगर रस्त्याला आगाखान पॅलेस आहे, जिथे कस्तुरबांनी १९४४ मध्ये अखेरचा श्वास घेतला. पिंपरी-चिंचवडकडे मोरया गोसावींची समाधी, निगडीचं भक्ती-शक्ती शिल्प, थोडं पुढे देहू. सिंहगड रस्त्याला खडकवासला. दक्षिणेला कात्रजचं प्राणिसंग्रहालय, ते बुधवारी बंद असतं. कोथरूडला रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं जोशी संग्रहालय आहे आणि लहान मुलं तिथून हलायला तयार नसतात.

शाळा

शाळेत आधी फोन करून वेळ घ्या आणि मुलाला बरोबर न्या. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये. मंडळ बदलणार असेल तर तुमच्या स्थलांतराची तारीखही बदलते. मधल्या इयत्तेत जागा आहे का, दुसरी-तिसरी भाषा कोणती, शनिवारी शाळा असते का, बसचा शेवटचा थांबा कुठला, हे विचारा. शुल्काबद्दल लेखी तक्ता मागा, त्यात बस, पुस्तकं, गणवेश वेगळे आहेत का ते बघा.

मग खरी चौकशी करा: शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी फाटकावर जाऊन उभे राहा आणि न्यायला आलेल्या पालकांशी बोला. कार्यालयात अर्ध्या तासात कळणार नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं. 'सर-मॅडम बदलतात का वारंवार', 'मुलाला काही झालं तर फोन येतो का', असे साधे प्रश्न. मराठी माध्यम हवं असेल तर पेठा आणि कोथरूड परिसरात जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. पिंपरी-चिंचवडमध्येही चांगल्या शाळा आहेत, पण बसचा मार्ग आधी बघा.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि तो अर्जाच्या आधीचा असावा लागतो. म्हणजे घराचा करार त्या हिशेबाने लवकर करावा लागेल.

पाणी: इथे घाई करू नका

फ्लॅट बघताना लोक टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघतात. तुम्ही आधी विचारा, हा भाग कोणाच्या हद्दीत येतो? पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, की ग्रामपंचायत? पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणसाखळीचं पाणी मिळतं. पिंपरी-चिंचवडचा मुख्य आधार पवना धरण आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी देण्याची पद्धत सुरू झाली. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. नकाशावर ती शहरात दिसतात, पण पाइपलाइन सगळीकडे पोहोचलेली नाही, आणि नव्या मोठ्या सोसायट्या नेमक्या याच पट्ट्यात उभ्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न किती गंभीर आहे हे सगळ्यांना दिसलं.

सोसायटीत गेलात की असं विचारा: महापालिकेचं पाणी रोज येतं का, किती वेळ? टँकर किती येतात, उन्हाळ्यात किती? टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की वेगळा? पिण्याला कुठलं पाणी, वापरायला कुठलं? बोअरचं पाणी असेल तर बाथरूमच्या नळांवर पांढरे थर दिसतात, गीझर लवकर जातो, केस राठ होतात. घरमालक 'पाण्याचा काहीच त्रास नाही' म्हणेल. वॉचमनला विचारा, मोलकरणीला विचारा. सकाळी सातच्या सुमारास फाटकाशी उभे राहिलात तर टँकर स्वतःच उत्तर देतात.

आता गुरुवार. देखभालीच्या कामांसाठी पुण्यात पाणीपुरवठा बंद ठेवायचा असेल तर तो बहुधा गुरुवारी असतो आणि वीजही दुरुस्तीसाठी त्याच दिवशी जाते. शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने येतं. त्या दिवशी तुम्ही तिथेच राहत असाल तर सोसायटीची साठवण किती, लिफ्टला बॅकअप आहे का, सहाव्या मजल्यावर आजी अडकतील का, सगळं समजतं.

जास्तीच्या पाण्याचाही विचार करा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि दक्षिण पुण्यातल्या वस्त्या, सोसायट्या वेढल्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं. ओढ्याकाठी, नदीकाठी घर बघत असाल तर तळमजल्याच्या आणि पार्किंगच्या भिंतींवर पाण्याची जुनी रेघ दिसते का ते पाहा आणि जुन्या रहिवाशांना त्या दोन वर्षांबद्दल थेट विचारा.

घर आणि करार

घरं मंगळवार संध्याकाळपासून बघायला लागा आणि आवडलेलं प्रत्येक घर दोनदा बघा: एकदा दुपारी, एकदा रात्री दहानंतर. रात्री कळतं की खालच्या हॉटेलचा आवाज किती वर येतो, गल्लीत दिवे आहेत का, क्लासहून परत येणारी मुलगी त्या रस्त्याने एकटी चालेल का. मोबाइलची रेंज प्रत्येक खोलीत तपासा.

करार 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचा असतो, बहुधा अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या हिशेबाने ०.२५ टक्के आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, त्यामुळे 'नोंदणीचा खर्च फार होतो' हे कारण ऐकून घेऊ नका. अंगठ्याचे ठसे घेऊन ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं काम कोण करणार, तेही विचारून ठेवा.

एजंट साधारण एका महिन्याचं भाडं मागतो. डिपॉझिट भागाप्रमाणे बदलतं. करारात या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: मेंटेनन्स कोण भरणार, सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, पार्किंग नेमकं कुठलं. मांसाहार, पाळीव प्राणी, पाहुण्यांचा मुक्काम याबद्दल सोसायटीची भूमिका आधीच मोकळेपणाने विचारावी. पुढे अपमान गिळत राहण्यापेक्षा ते बरं. आणि घर न दाखवता, 'मी बाहेरगावी ड्युटीवर आहे, टोकन पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. अशा फसवणुकी सर्रास होतात.

मोठ्यांसाठी थोडं

जवळचा फॅमिली डॉक्टर, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान आणि तातडीच्या वेळी जायचं रुग्णालय, तिन्ही ठिकाणी एकदा स्वतः जाऊन या. आजोबांचा चालू उपचार असेल तर फाइल दाखवून पुढचा डॉक्टर ठरवूनच टाका. ज्येष्ठ नागरिक संघ बहुतेक भागांत आहेत. त्यांच्या एखाद्या बैठकीला आजी-आजोबांना नेऊन बसवा. गाव सोडताना सर्वांत जास्त तुटतं ते त्यांचंच, आणि याबद्दल ते आपणहून बोलत नाहीत.

शुक्रवार आणि परत गेल्यावर

शुक्रवारची सकाळ मुलांच्या आवडीची. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, किंवा मुलीच्या कागदावर लिहिलेलं बॅडमिंटन कोर्ट. दुपारी सगळ्यांनी आपापला कागद काढून बोलायचं. लहानांचं आधी ऐका, नाहीतर ती मोठ्यांचीच री ओढतात. एखाद्याला जागा मुळीच आवडली नसेल तर कारण विचारा. बऱ्याचदा ते सोडवता येण्यासारखं असतं.

टोकन देण्याआधी घरी परतून दोन दिवस जाऊ द्या. जूनमध्ये यायचं असेल तर एप्रिलअखेरीस वॉचमनला किंवा ओळख झालेल्या शेजाऱ्यांना फोन करून त्या आठवड्यात टँकर किती आले ते विचारा. शाळेचा दाखला आणि गॅसचं हस्तांतरण महिनाभर आधी सुरू करा. काही सोसायट्यांत पाइप गॅस असतो, तिथे सिलिंडर ठेवायचा की परत करायचा ते आधी ठरवा. महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही, आरटीओत पत्ता बदलला की झालं.

सामान हलवण्याची वेळ सोसायटीला विचारून घ्या. अनेक ठिकाणी रविवारी किंवा संध्याकाळनंतर परवानगी नसते, काही ठिकाणी लिफ्ट वापरण्याचे वेगळे पैसे असतात. शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून ट्रकवाल्याला पहाटे पोहोचायला सांगा आणि पालख्या पुण्यात असतील ते दिवस टाळूनच तारीख द्या.